थोडक्या पैशांत ईदचा दस्तरखान

सणाच्या सजावटीवर बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा आधी मला हसू आलं. माझ्या घरात पुस्तकांच्या चवडी आहेत, एका भिंतीला ओल आहे आणि पडद्यांचे रंग एकमेकांशी बोलत नाहीत. पण ‘कमी खर्चातली सजावट’ असं ते पुढे म्हणाले, तेव्हा मी लगेच होकार दिला. सजावट मला येते की नाही कोण जाणे, कमी खर्च मात्र नक्की येतो. आमच्या अम्मीने तो शिकवला. आणि २०२५ सालच्या ईदेला तो शिकलेला धडा पुन्हा एकदा कामाला आला.

त्या वर्षी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मी माझ्या बहिणीच्या मुलाकडे गेले होते. आमचं सोलापूर चादरी-टॉवेलांसाठी प्रसिद्ध आहे, तसं शाळेच्या गणवेशांसाठीही आहे. भाचा अशाच एका गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. जानेवारीत त्याचं काम सुटलं. तेव्हापासून घरी एक मशीन टाकून तो मिळेल ती शिलाई करत होता. चहा घेता घेता तो खाली बघत म्हणाला, “खाला, इस बार ईद को किसी को बुलाना नको.”

“का रे? शीरखुर्म्याला दूध नाही मिळालं का?”

“दूध है. घर देखो ना. सजाने कू पैसे किधर हैं?”

त्याच्या बायकोने मोबाइल पुढे केला. त्यात ईदच्या सजावटीची चित्रं होती. सोनेरी अक्षरं, फुगे, चंद्रकोरीच्या दिव्यांच्या माळा, तीन मजली तबकं. चित्रं सुंदर होती, नाही म्हणत नाही. पण ती बघून एका तरुण, कष्टाळू घराने आपलं दार वर्षाच्या सणाला लावून घ्यायचं ठरवलं होतं. खायला घालायला होतं, दाखवायला नव्हतं, एवढ्यासाठी. मला ते फार लागलं. मी म्हटलं, “सगळ्यांना बोलाव. दस्तरखान मी मांडते. सजावटीला किती देऊ शकतोस?” तो म्हणाला, दोनशे. मी म्हटलं, उरतील.

आता दस्तरखान म्हणजे काय, ते आधी सांगते. हा शब्द फारसी आहे. ‘दस्तार’ म्हणजे कापड, रुमाल. पगडीलाही दस्तार म्हणतात. ‘ख्वान’ म्हणजे जेवणाचं तबक किंवा मेज. जमिनीवर अंथरायचं, त्यावर पदार्थ मांडायचे आणि भोवती माणसांनी बसायचं, ते कापड म्हणजे दस्तरखान. आपल्याकडे पंगतीत प्रत्येकापुढे पान वेगळं असतं, इथे सगळ्यांमध्ये कापड एकच असतं. त्यामुळे सजावट एकेका ताटाची न होता सगळ्या कापडाची होते. खर्चाच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे. एक कापड नीट असलं की निम्मं काम झालं.

म्हणून पहिली गोष्ट कापड. भाच्याच्या घरी एक पांढरी सुती चादर होती, धुऊन धुऊन मऊ पडलेली. तिच्यावर मागच्या कुठल्याशा जेवणाचे हळदीचे डाग होते. हळदीच्या डागाला आपण घाईघाईने साबण लावतो आणि तो लालभडक होतो. साबणातल्या खारामुळे हळदीचा रंग पालटतो. घाबरायचं कारण नाही. कापड खळखळून धुवावं आणि ओलंच कडक उन्हात टाकावं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मार्चअखेरचं सोलापूरचं ऊन फुकट मिळतं आणि कुठल्याही पावडरीपेक्षा जास्त काम करतं. दोन दिवसांत डाग फिके पडले.

मग खळ. लहान चमचाभर साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा, त्यात कापड बुडवून पिळायचं आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करायची. खळीने कापडाला ताठपणा येतो, जुनं कापड नव्यासारखं दिसतं. दुसरा फायदा म्हणजे सांडलेल्या रश्श्याचा डाग बराचसा खळीच्या थरावर बसतो आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो.

अम्मीचा आणखी एक नियम होता. कोरं पांढरं कापड ती कधी तसंच अंथरत नसे. कडेला रंग हवाच. कारण विचारलं तर एवढंच म्हणायची, “बिनकाठाचं पांढरं एकदाच पुरतं.” तिला कफन म्हणायचं असे, ते मला मोठेपणी कळलं. तिचा दस्तरखान म्हणजे जुन्या साडीचे काठ लावलेलं मांजरपाट होतं. भाच्याकडे साडीचे काठ नव्हते, पण कोपऱ्यात पोतंभर कतरण पडली होती. गणवेशाच्या कापडाचे तुकडे: गडद हिरवे, निळे, मरून. मी म्हटलं, यातला एकच रंग निवड आणि चादरीला चारी बाजूंनी चार बोटं रुंद पट्टी लाव. त्याने मरून निवडला. तासाभरात पट्टी लागली. कोपरे असे काटकोनात जुळवले होते की दुकानातल्या मालाला मागे सारतील. उरलेल्या तुकड्यांचे त्याने हात पुसायचे बारा रुमाल शिवले. सकाळपासून गप्प असलेला मुलगा मशीनवर बसल्यावर बोलायला लागला, हेही मी बघत होते.

रंगांबद्दल एक साधा नियम सांगते. कमी पैशांत सजवायचं असेल तर रंग तीनच ठेवावेत. पैसा असला की दहा रंग सांभाळता येतात, नसला की ते गबाळे दिसतात. आम्ही पांढरा आणि मरून कापडाचा, हिरवा पाल्याचा असं ठरवलं. फुलांचा रंग बाजार ठरवणार होता.

आता फुलांचं. दसऱ्याला झेंडू, तसं ईदेचं ठरलेलं फूल नाही. त्याला कारण आहे. आमचं हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, सुमारे ३५४ दिवसांचं. म्हणजे ते सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान. त्यात आपल्या पंचांगासारखा अधिक महिना घालत नाहीत. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि बत्तीस-तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. माझ्या लहानपणी, १९८४-८५ च्या सुमारास, ईद जून-जुलैत यायची. छत्र्या टेकवायला दारात जागा नसायची आणि दस्तरखानावर अंगणातली तगर असायची. २००४ ते २००६ या तीन वर्षांत ईद आणि दिवाळी पाठोपाठ आल्या. तेव्हा शेवंती होती आणि शेजारच्यांच्या पणत्या आमच्या उंबऱ्यावरही लागल्या. आता ईद उन्हाच्या तोंडाशी येते, तर मोगरा आहे. काही वर्षांनी ती पुन्हा थंडीत जाईल. ज्या ऋतूत सण आला, त्या ऋतूचं फूल स्वस्त असतं. एवढं लक्षात ठेवलं की महाग गुलाबांच्या मागे लागावं लागत नाही.

२०२५ साली तर आणखी गंमत झाली. ३० मार्चला गुढीपाडवा होता. त्याच संध्याकाळी चंद्र दिसला आणि ३१ तारखेला ईद झाली. पाडव्याच्या सकाळी झेंडूचा भाव विचारायची सोय नसते. पण संध्याकाळी विक्रेत्याला उरलेला माल संपवायचा असतो. चंद्र दिसल्याचं कळल्यावर मी आणि भाचेसून पिशवी घेऊन मंडईत गेलो. हार घेतले नाहीत. हारात गुंफण्याची मजुरी धरलेली असते आणि आतली फुलं दबलेली असतात. सुटा झेंडू वजनावर घेतला, चाळीस रुपयांचा. मोगऱ्याच्या कळ्या पन्नास रुपयांच्या. मातीचा एक मोठा परळ पन्नासला आणि पुदिना वीसचा. एकशे साठ रुपये झाले. चाळीस परत केले.

कळ्या त्या रात्री ओल्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळून माठाजवळ ठेवल्या. पाण्यात बुडवल्या तर काळवंडतात, उघड्या ठेवल्या तर रात्रीतच उमलून जातात. सकाळी परळात पाणी घालून त्यावर झेंडू पसरला आणि मध्ये मोगरा. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाचं झाड आहे. मार्च-एप्रिलात त्याला बारीक पांढरा मोहोर येतो. पाडव्याला सगळे तो तोडून नेतात, तरी झाडावर भरपूर उरतो. त्याच्या चार डहाळ्या स्टीलच्या तांब्यात उभ्या केल्या. त्याला पैसे पडले नाहीत.

फुलांच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, पाकळ्या कापडावर मोकळ्या पसरू नयेत. चित्रात छान दिसतं, पण ईदेला पाहुणे एका वेळी येत नाहीत. नमाजनंतर सुरू होतात ते रात्रीपर्यंत पाच-पाच, सहा-सहा असे येत राहतात. दर वेळी दस्तरखान झटकून पुन्हा मांडायचा असतो. ओल्या पाकळ्या भाताला चिकटतात आणि झेंडूचा पिवळा डाग पडतो. फूल भांड्यातच बरं. दुसरी, कण्हेर घेऊ नये. बारा महिने फुलते, फुकट मिळते, दिसतेही सुरेख, पण ती विषारी आहे. जेवणाजवळ तिला जागा नाही. बाजारातल्या फुलांवरही फवारणी झालेली असते, म्हणून ती पदार्थावर ठेवू नयेत. पदार्थावर शोभेला पुदिन्याचं पान पुरतं. तिसरी, मध्यभागी उंच काही ठेवू नये. समोरासमोर बसलेल्या माणसांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत आणि हात मोकळेपणाने पलीकडे गेला पाहिजे. उंच तांब्या आम्ही भिंतीकडच्या टोकाला ठेवला.

आमच्याकडे सब्जाही भरपूर मिळतो आणि त्याला वास छान असतो. पण तो दर्ग्यावर आणि कबरीवर वाहतात, म्हणून अम्मी तो दस्तरखानावर आणत नसे. अशा गोष्टी घरोघरी वेगळ्या असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून घ्यावं, म्हणजे सणाच्या दिवशी मन दुखत नाही.

आता भांडी. एकसारख्या वाट्यांचा संच नसणं ही आपल्या बहुतेक घरांची अडचण असते. भाच्याकडे काचेच्या सात वाट्या होत्या, चार एका जातीच्या, तीन दुसऱ्या. वरच्या मजल्यावरून आणखी पाच आल्या, त्या तिसऱ्याच. अशा वेळी एकसारख्या वाट्या एकीकडे आणि वेगळ्या दुसरीकडे मांडल्या की उसन्या लगेच ओळखू येतात. त्या एकाआड एक मांडाव्यात. आणि पदार्थागणिक भांड्याची जात एक ठेवावी: शीरखुर्मा सगळा काचेत, पाणी सगळं स्टीलमध्ये. मग विसंगती दिसत नाही, मुद्दाम केल्यासारखं वाटतं. काचेवर क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग असतात, ते लिंबाच्या उरलेल्या सालीने निघतात. ऐन उन्हाळ्यात शोभेसाठी अख्खी लिंबं चिरू नयेत, तेव्हा त्यांचा भाव चढलेला असतो. तांब्या-पितळेचं भांडं असेल तर चिंच आणि मीठ लावावं. चिंचेतल्या आम्लाने वरचा काळा थर सुटतो. आतून कल्हई असेल तर मात्र हे बाहेरूनच करावं.

मांडणीची शिस्त मी खरं तर एका मैत्रिणीच्या घरी शिकले. तिच्या भावाच्या मुंजीत मी पहिल्यांदा केळीच्या पानावर जेवले. मीठ वर मध्ये, डावीकडे लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. मला वाटलं ही शोभा आहे. मैत्रिणीची आजी म्हणाली, “अगं, वाढणाऱ्याला विचारावं लागू नये म्हणून हे.” तेव्हापासून मी दस्तरखानही तसाच मांडते. शीरखुर्म्याचं पातेलं वाढणाऱ्याच्या हाताशी, पाणी दोन्ही टोकांना, रुमाल प्रत्येकाच्या उजव्या गुडघ्याजवळ. जिथली वस्तू तिथे असली की जागा आपोआप नीटनेटकी दिसते. माणसामागे दीड हात जागा धरावी. एका ओळीत चार बसणार असतील तर कापड सहा हात हवं. बसायला खाली आमच्या सोलापुरी चादरी होत्याच. त्या इतक्या नक्षीदार असतात की वरचं कापड साधंच शोभतं. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्यांच्यासाठी टोकाला दोन खुर्च्या आणि एक स्टूल ठेवलं. स्टुलावर त्याच मरून काठाचं कापड घातलं. टेबलावर जेवणाऱ्या घरांनाही हे सगळं असंच लागू पडतं.

शीरखुर्मा स्वतःच सजावट आहे. ‘शीर’ म्हणजे दूध, ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. फारसीत नावातच कृती आहे. सुका मेवा महाग असतो. तो सगळा दुधात उकळला तर तळाला जातो आणि कुणाला दिसत नाही. थोडा आत घालावा आणि मूठभर खारकेचे काप, चारोळी, बदामाचे पातळ काप तुपावर परतून बाजूला ठेवावेत. वाटी भरली की वरून चिमूटभर घालावेत. निम्म्या मेव्यात वाटी भरलेली दिसते आणि तो कुरकुरीत राहतो. लबाडी नाही ही, वाढण्याची रीत आहे.

ऊद किंवा अगरबत्ती पाहुणे यायच्या आधी घरभर फिरवावी आणि बाहेर न्यावी. जेवताना जेवणाचाच वास यावा.

अम्मीबद्दल आणखी एक सांगायचं आहे. एका वर्षी, मी तेव्हा सातवी-आठवीत असेन, अब्बांचा पगार दोन महिने थकला होता. ईदेच्या आदल्या दिवशी मी हट्ट धरला की मैत्रिणी येणार आहेत, फुलं आणि काचेच्या वाट्या आणाच. अम्मीने पैशांचा डबा माझ्यासमोर ओतला. त्यातली एक पुडी बाजूला ठेवली. तो फितरा होता. घरातल्या माणसांमागे धान्याच्या हिशोबाने काढायचा आणि ईदेच्या नमाजपूर्वी गरजूंच्या हातात पोहोचवायचा, म्हणजे त्यांच्याही घरी त्या दिवशी चूल पेटते. “आधी हे,” ती म्हणाली, “मग दूध. मग शेवया. फुलं उरलेल्यात.” उरलं काहीच नाही. संध्याकाळी शेजारची अक्का, दिवसभर विड्या वळून थकलेली, तिच्या घरातली पितळेची सहा ताटं घासून घेऊन आली. तिला कुणी सांगितलं ते मला आजवर माहीत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणींना त्या ताटांचाच थाट वाटला. दिवाळीला ती ताटं फराळ भरून पुन्हा आमच्याकडे आली. भाच्याकडे फितऱ्याचं काय झालं, ते मी विचारलं नाही. तो त्याचा आणि त्याच्या बायकोचा हिशोब.

ईदेच्या दिवशी त्याच्याकडे सकाळपासून माणसं येत होती. खालच्या मजल्यावरचं कुटुंब पाडव्याच्या साखरेच्या गाठी घेऊन आलं. त्या पांढऱ्या-गुलाबी गाठी परळाभोवती गोल ठेवल्या. एका चौथीतल्या मुलाने दस्तरखानाचा काठ निरखून पाहिला आणि मोठ्याने म्हणाला, “अरे, ही तर आमच्या शाळेची पँट!” सगळे हसले. भाचाही हसला आणि म्हणाला, “हौ बेटा, तेरी पँट मैंनेच काटी होगी.” ज्या कामावरून त्याला काढलं होतं, त्याचं नाव त्याने तीन महिन्यांत पहिल्यांदा चारचौघांत काढलं.

त्याला नोकरी परत मिळाली, असं मी सांगणार नाही. तेव्हा तरी मिळाली नव्हती. पण जूनमध्ये, बकरीदेच्या चार दिवस आधी, त्याचाच फोन आला. “खाला, दस्तरखान धोके, खळ देके रखा हूँ. फूल कौनसे लाऊँ?”

मी म्हटलं, “पाऊस पडलाय ना? कुणाच्या अंगणात तगर फुललीय का बघ. आणि आधी माणसं मोज.”

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)